पुरतील का?

सकाळी साडेआठला मी मुलं मोजत नाही, चपला मोजते. मुलं हलतात, चपला निदान एका जागी पडून असतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या पायऱ्यांवर चौतीस चपला म्हणजे आत सतरा मुलं, संपला हिशेब. परवा तेहतीसच भरल्या. शोधाशोध केली तर एक तुळशीवृंदावनामागे निघाली, आणि ती आदल्या दिवसापासून तिथेच होती. पोरगा एका चपलेवर घरी गेला आणि एका चपलेवरच परत आला. आईला वाटलं दुसरी वर्गात असेल. त्याला स्वतःला काहीच वाटलं नव्हतं.

तर हा आमचा बालवर्ग. तीन ते पाच वर्षांची पोरं, पटावर वीस, रोज येणारी सोळा-सतरा. अर्धी मराठी, अर्धी गुजराती. त्यामुळे अर्धी मला 'बाई' म्हणतात, अर्धी 'बेन', आणि एक जण दोन्हीकडचा मान राखून 'बाईबेन' म्हणतो.

या आठवड्यात तिसऱ्या आईने मला दारात गाठून विचारलं, "बाई, याला अजून शंभरपर्यंत येत नाही का हो?" समोरच्या सोसायटीतल्या कुणाच्या तरी मुलीला येतं म्हणे, तेही इंग्लिशमध्ये. दारात उभं राहून उत्तर देता येत नाही, मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत असतात. म्हणून इथे लिहिते.

शंभरपर्यंत मीही म्हणवून घेतलं आहे. पहिली तीन-चार वर्षं तेच केलं. भिंतीवर तक्ता, हातात पट्टी आणि टाळ्यांच्या ठेक्यावर एक, दोन, तीन. एका गॅदरिंगला चार वर्षांच्या एका मुलाला स्टेजवर उभं केलं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीसपर्यंत गाडी धडधडत गेली, मग तो म्हणाला "एकोणसाठ, साठ, एकसष्ट" आणि तसाच शंभरावर जाऊन थांबला. मधले तीस आकडे गळाले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, टाळ्या कडकडून पडल्या. नंतर विंगेत मी त्याला म्हटलं, "आतून चार खुर्च्या आण बरं." त्याने एक आणली, माझ्याकडे बघितलं. "अजून?" मी मान हलवली. दुसरी आणली. "अजून?" मी मान हलवत राहिले असते तर त्याने गांधीनगरगृहातल्या सगळ्या खुर्च्या माझ्यापुढे आणून ठेवल्या असत्या.

मला याचं नवल वाटायला नको होतं. एम. एस. युनिव्हर्सिटीत होम सायन्सला असताना गेलमन आणि गॅलिस्टेल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडलेली मोजणीची पाच सूत्रं परीक्षेसाठी घोकली होती. शब्दांचा क्रम ठरलेला हवा, एका वस्तूला एकच शब्द, शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, कुठलीही वस्तू मोजता येते, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. पेपरात दहापैकी नऊ मिळाले असतील. स्टेजवरच्या त्या मुलाकडे यातलं फक्त पहिलं होतं, तेही अठ्ठावीसपर्यंत. आणि मी टाळ्या वाजवणाऱ्यांतच होते.

तिसरं सूत्र सगळ्यात चिवट. मुलाला म्हणावं, या बिया मोज. तो बोट लावून मोजतो, एक, दोन, तीन, चार, पाच. छान. मग विचारावं, किती आहेत? तो परत पहिल्यापासून मोजतो. परत विचारा, परत मोजेल. त्याच्या लेखी 'किती' म्हणजे 'म्हणून दाखव'. 'पाच' हे शेवटच्या बीचं नाव आहे, सगळ्या ढिगाचं नाही.

पुढे पुढे मला वाटू लागलं की घोटाळा मुलात नाही, प्रश्नात आहे. टेबलावर चार फुलं ठेवून मी 'किती?' विचारते तेव्हा मूल फुलांकडे बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघतं. त्याला पक्कं ठाऊक असतं की बाईंना उत्तर येतंय, उगाच विचारतायत. आपण मोठी माणसं तरी कधी नुसतं 'किती' मोजतो का? पाहुणे आले की आपण मोजतो ते पोळ्या पुरतील का म्हणून. दुधाच्या पिशव्या, लग्नातली पाकिटं, गौरीच्या सवाष्णी, सगळीकडे खरा प्रश्न 'पुरतील का' हाच. 'किती' हे त्याचं उत्तर.

ताटल्यांचा किस्सा तेव्हाचाच. खाऊच्या वेळी ताटल्या मांडायचं काम मदतनीस मावशींचं. एका सोमवारी त्या आल्या नाहीत, गॅसवर शिरा, झारा माझ्या हातात. मी एका मुलाला सांगितलं, "तुझ्या ओळीला पुरतील एवढ्या ताटल्या आण रे." ओळीत तो धरून पाच जण. त्याने अख्खी चवड छातीशी कवटाळून आणली. वाटून झाल्यावर उरलेल्या ताटल्या जमिनीवर गरगरवत बसला. मावशी आठवडाभर येणार नव्हत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच पाठवलं. या वेळी एक ताटली, एक फेरी. पाच ताटल्या, पाच फेऱ्या. मी गप्प. गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, त्याचा कोर्स कुठे नसतो.

तिसऱ्या दिवशी त्याने निघण्याआधी एकेकाच्या डोक्याला हात लावला. एक, बे, तीन, चार. चार आणल्या, वाटल्या, बसला, आणि मग आपल्या पुढ्यातल्या रिकाम्या फरशीकडे बराच वेळ बघत राहिला. स्वतःला मोजायचं राहिलं होतं. कुणी काही बोललं नाही, फरशीनेच सांगितलं.

चौथ्या दिवशी शेवटी स्वतःच्या छातीवर टिचकी मारली, "पाच", आणि "पाच पाच पाच पाच" पुटपुटत निघाला. वाटेत नळापाशी एकीने विचारलं, "माझी बाटली कुठंय?" हा म्हणाला, "तिकडे." आणि पाच गेले! फळीपर्यंत पोचला, उभा राहिला, रिकाम्या हाताने परत आला. पुन्हा डोकी मोजली, पण या वेळी प्रत्येक डोक्यामागे एक बोट उघडलं, अंगठा स्वतःसाठी. मग तो उघडा पंजा पुढे धरून, काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा जपून, फळीकडे गेला. नळापाशी ती पुन्हा काहीतरी म्हणाली, याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फळीवरून दुसऱ्या हाताने एक ताटली ओढली, एक बोट मिटलं. दुसरी ओढली, दुसरं मिटलं. मूठ बंद झाली तसा थांबला.

माझा शिरा खाली लागला तो त्या दिवशी.

संध्याकाळी मी कौतुकाने त्याच्या वडिलांना सांगितलं. ते गंभीर झाले. "बोटांवर मोजतो? मग ही सवय मोडायला पाहिजे." मी काय बोलणार? माझे आजोबा रोज संध्याकाळी ओसरीवर बसून जप करायचे तो बोटांच्या पेरांवरच. अंगठा पेरांवरून फिरत दहापर्यंत जायचा, मधल्या बोटाची दोन पेरं मेरू म्हणून ओलांडायची नाहीत. दुसऱ्या हातावर दहादहाची नोंद. त्यांना कुणी कधी सवय मोडा म्हटलं नाही. वर्गातल्या मुलांना मी पेरं दाखवली तेव्हा एक जण आ वासून म्हणाला होता, "बाई, आजोबांच्या बोटांत जास्त बसतात!"

त्या ताटल्यांनंतर मी वर्गातला 'किती?' जवळजवळ बंदच केला. आता 'पुरतील का?' गुजराती मुलांना "बधाने पूरा पडशे?" पेन्सिली पुरतील का, सतरंजीवर जागा पुरेल का, सगळ्यांचे दप्तर अडकवायला खुंट्या पुरतील का. मानसशास्त्रज्ञ पियाजेचा तो प्रसिद्ध प्रयोग, दोन ओळींत सारखेच मणी, एक ओळ पसरून लांब केली की मूल म्हणतं यात जास्त, तो मी चिंचोक्यांवर करते तेव्हा दरवर्षी पियाजे जिंकतो. तोच जेम्सच्या गोळ्यांवर केला आणि म्हटलं 'एक ओळ तुझी, एक तुझ्या भावाची', की लांबीला फसणारी निम्मी पोरं अचानक मोजायला लागतात. शास्त्रज्ञ याला काय म्हणतील ते म्हणोत, भावाला एक गोळी जास्त गेली की कळतं.

आमचा सगळ्यात लाडका खेळ 'चार दरवाजे'. बडोद्याच्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही, कारण जुन्या गावाला चार दरवाजेच आहेत, लहेरीपुरा, पाणीगेट, गेंडीगेट आणि चांपानेर, आणि मधोमध मांडवी. वर्गाचे चार कोपरे म्हणजे दरवाजे, मध्ये खडूने गोल काढला की मांडवी. मी थाळी वाजवते, मुलं गावभर हिंडतात. थाळी थांबली की ओरडते, "तीन!" प्रत्येक दरवाजात तिघं हवेत, ना जास्त ना कमी. उरतील ते मांडवीत. सतरा मुलं असली की तीनला पाच जण मांडवीत उरतात, चारला एकच. पाच म्हटलं की मजा येते. तीन दरवाजे भरतात, चौथ्यात दोघंच उभे, आणि मग ते दोघं जीव तोडून हाका मारतात, "या ना कुणीतरी!" कोण येणार, सगळे भरलेत. एक चुणचुणीत मुलगी आहे, दोन वेण्यांची, ती आता थाळी थांबण्याआधीच मांडवीत जाऊन बसते. मांडवीत उरणाऱ्याला मी राजा म्हणते, ही माझीच चूक. पण परवा मी 'चार' म्हणायच्या आत ती म्हणाली, "बाई, चार म्हणा. चार म्हटलं की मी एकटीच राजा." भागाकारातली बाकी तिला कुणी शिकवली नव्हती.

भाषेचं मात्र खूप जण विचारतात. 'एक, बे, तीन' अशी भेसळ चालते का? चालते. मधेच अडवून दुरुस्त केलं की मूल वस्तू विसरतं आणि शब्दाच्या मागे लागतं. शिवाय 'बे' ला परकं म्हणायला तोंड कुठे आहे? आपणच पाढा म्हणताना 'बे एके बे, बे दुणे चार' म्हणतो. माझी आजी सयाजीरावांच्या राज्यात शाळेत गेली. १९०६ पासून अख्ख्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत होतं, त्याची ती लाभार्थी. पावकी, निमकी, पाऊणकी, औटकीपर्यंत अपूर्णांकांचे सगळे पाढे तिला तोंडपाठ. औट म्हणजे साडेतीन. भाजीवाल्याशी ती गुजरातीत घासाघीस करायची आणि हिशेब मनात मराठीत. गुजरातीत लिहिणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढलं आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. त्यामुळे बालवर्गात या दोन भाषांनी एकमेकींच्या ताटात जेवणं काही नवीन नाही.

एक खड्डा मात्र आहे आणि त्यात आम्ही पडलो आहोत. गुजरातीत 'सत्तर' म्हणजे सतरा. सत्तरला ते 'सित्तेर' म्हणतात. एका मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या वडिलांचा फोन आला, आइस्क्रीमचे कप पाठवतोय, "सत्तर ने?" फोन मावशींनी घेतला. मावशी जळगावकडच्या, तेव्हा बडोद्यात नवीन. त्या हो म्हणाल्या आणि घाबऱ्याघुबऱ्या होऊन शेजारपाजारच्या तिघींचे फ्रीज रिकामे करवले. आले सतरा कप.

एकवीस दोन्ही भाषांत एकवीसच, म्हणून तो आमचा आवडता आकडा. गणपतीच्या आधी आम्ही दुर्वांच्या जुड्या बांधतो, एकवीस-एकवीसच्या. मुलं पाच-पाचचे चार ढीग करतात आणि वर एक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं आणि पुण्याच्या माझ्या बहिणीने फोनवर तासभर आकांत केला. तेव्हा गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मी बहिणीला म्हटलं, माझी पोरं अठ्ठावीसनंतर स्वतःहून 'नववीस, दहावीस' म्हणतात, त्यांना विचारलं असतंस तर त्यांनी नारळीकर बाईंच्या बाजूने मत दिलं असतं. बहीण अजून रुसलेली आहे. 'एकोणतीस' हे खरंच मुलांसाठी वाकडं प्रकरण आहे. वीसचं घर अजून सोडलेलं नाही आणि नाव मात्र तीसचं.

शून्याबद्दल थोडं. माँटेसरीच्या साहित्यात काड्यांची एक पेटी असते, शून्य ते नऊ असे दहा खण आणि बरोबर पंचेचाळीस काड्या. विकतची महाग, म्हणून मावशींनी खराट्याच्या काड्या कापल्या आणि मी दहा वाट्या मांडल्या. याची गंमत अशी की चूक झाली की बाईंनी सांगावं लागत नाही. शेवटच्या वाटीला काड्या पुरत नाहीत नाहीतर हातात उरतात, म्हणजे मागे कुठेतरी घसरलंय. पहिल्या वाटीपुढे ० लिहिलेलं, ती रिकामी ठेवायची. प्रत्येक मूल तिथे अडतं. "हिला का नाही?" एकाने तर गुपचूप एक काडी टाकली, बिचारीला वाईट वाटेल म्हणून.

असो. मागच्या वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी एका शाळेत मुलाखतीला गेली. तिथल्या बाईंनी म्हटलं, "पन्नासपर्यंत म्हण." ती म्हणाली, "कशाचे?" त्यांनी परत सांगितलं. तिने परत विचारलं, पन्नास काय? प्रवेश मिळाला नाही. तिच्या आईचा राग माझ्यावर निघाला, आणि तिचं तसं चुकलंही नाही. मुलाखतीत काय विचारतात ते मला माहीत होतं, आठवडाभर तयारी करून घ्यायला हवी होती. आता मे महिन्यात दहा मिनिटं 'शंभरपर्यंत'ची घेते. मुलांना ते गाण्यासारखं आवडतं. मी त्याला मोजणी म्हणत नाही, एवढंच.

आता उत्तरायणचं, म्हणजे इथल्या संक्रांतीचं, सांगून थांबते. बडोद्यात पतंग सुटे घ्यायचे नसतात, पंजा म्हणजे पाच किंवा कोडी म्हणजे वीस. मी गेंडीगेटवरून एक कोडी आणली. त्या दिवशी सतरा मुलं. गठ्ठा मध्ये ठेवला आणि विचारलं, "पुरतील का?" ताटलीवाला आता मोठ्या गटात आहे, तो उठला. बोटं पुरणार नव्हती हे त्याला आधीच दिसलं असावं, कारण त्याने थेट एकेकाच्या मांडीवर एकेक पतंग ठेवत नेला. स्वतःलाही ठेवला, आठवणीने. हातात तीन उरले. वर्गात गोंधळ सुरू झाला, उरलेले कुणाचे. दोन वेण्यांची म्हणाली, राजाचे. तो म्हणाला, नाही. एक त्याने मला दिला, एक मावशींना. एक राहिला.

"एकोणीस झाले," मी म्हटलं.

"वीसला एक कमी," तो म्हणाला. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

उरलेला त्याने माझ्या कपाटावर ठेवायला लावला, "कुणाचा फाटला तर." चौदा तारीख होऊन गेली, दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायणही झाली, तो पतंग तिथेच आहे. रोज सकाळी चपला काढता काढता तो विचारतो, "बाई, कुणाचा फाटला का?"